दुबईचं शून्य आणि वागळे इस्टेटमधलं बिल

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून): ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आम्हा दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह आणि फ्लँज बनवतो. उलाढाल १८ कोटींच्या आसपास, त्यातला ५ कोटींचा माल ओमान, अमिराती आणि केनियाला जातो. धाकटा भाऊ घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात परदेशात कंपनी काढून देणाऱ्या सल्लागाराच्या कार्यक्रमाला जाऊन आला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुबईच्या ‘फ्री झोन’नं घर केलंय. १५,५०० दिरहममध्ये लायसन्स, दहा दिवसांत काम, शंभर टक्के मालकी, कर शून्य आणि वर व्हिसा. ठाण्याहून माल दुबईच्या कंपनीला ४ कोटींना द्यायचा, तिथून गिऱ्हाइकाला ५ कोटींना. मधल्या १ कोटीवर कर नाही. लायसन्स पुतण्याच्या नावानं घ्यायचं, कारण तो नुकताच इंजिनियर झालाय आणि तिकडे जायला तयार आहे. भावानं ५,००० दिरहम कार्डानं भरूनही टाकलेत. आमचे सीए ‘बघू’ म्हणतात. बरोबरीचे सगळे निघालेत आणि आपणच वागळे इस्टेटमध्ये बसून राहिलोय, असं वाटायला लागलंय. काय करू?

नमस्कार,

आधी तातडीचं, बाकीचं सावकाश बोलू. कार्डानं गेलेले ५,००० दिरहम कशापोटी घेतले, हे सल्लागाराकडून आजच ईमेलवर लेखी मागवा. ती त्याच्या सल्ल्याची फी असेल, किंवा कंपनीचं नाव राखून ठेवण्याचे पैसे असतील, तर फार बिघडलेलं नाही. ‘आमच्या लेखी सूचनेशिवाय पुढे काहीही करू नये’ एवढी एक ओळ पाठवून थांबा. पण मेमोरँडमवर (कंपनीच्या स्थापनेच्या दस्तावर) कुणाची सही झाली असेल किंवा लायसन्स निघालं असेल, तर प्रकरण वेगळं आहे. परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांनुसार, शेअर बाजारात न नोंदलेल्या परदेशी कंपनीचा एक शेअर घेतला किंवा तिच्या मेमोरँडमवर भागधारक म्हणून सही केली, की ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते. रक्कम किती लहान, याला महत्त्व नाही. ही गुंतवणूक बँकेमार्फत करायची असते: फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेचा यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा, मग पैसे पाठवायचे. ‘कार्ड स्वाइप करा, बाकी आम्ही बघतो’ म्हणणारा सल्लागार नेमकी हीच पायरी गाळतो, कारण त्याचं काम दुबईतलं लायसन्स निघालं की संपतं. तुमचं तिथून सुरू होतं.

सही झालीच असेल तर स्वतःहून बँकेच्या फॉरेक्स विभागात जा. उशिरा केलेली नोंद विलंब शुल्क भरून होते. कार्डानं पैसे गेल्याचा भाग नियमित करायला मात्र रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करावा लागू शकतो. गप्प राहून हे विरून जाईल असं समजू नका. खात्यांच्या माहितीची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण अमिरातीनं २०१८ पासून सुरू केली आहे. तिथल्या खात्यात किती शिल्लक आहे, हे आयकर विभागाला तुमच्या विवरणपत्राआधीच कळलेलं असू शकतं.

आता मूळ प्रश्न. दुबईचं शून्य खोटं नाही. पण ते कुणाला मिळतं, आणि तुमच्या आकाराच्या धंद्याला त्यासाठी मुक्त क्षेत्र (फ्री झोन) लागतं तरी का, हे हॉटेलातल्या त्या पडद्यावर दिसलं नसणार.

मुक्त क्षेत्रं जन्माला आली ती मालासाठी. आयर्लंडमधलं शॅनन १९५९ चं, आपलं कांडला १९६५ चं, अंधेरीचं सीप्झ १९७३ चं, दुबईतल्या जेबेल अली बंदराचं १९८५ चं. कल्पना सगळीकडे तीच: बंदराशेजारी किंवा विमानतळाशेजारी कुंपण घालायचं, आतल्या मालावर जकात घ्यायची नाही, माल कुंपण ओलांडून देशात शिरला की घ्यायची. जेबेल अलीला आणखी एक आकर्षण होतं. कुंपणाबाहेर परदेशी माणसाला स्थानिक भागीदार घ्यावा लागे आणि ५१ टक्के त्याच्या नावावर ठेवावे लागत. आत पूर्ण मालकी मिळे. कंपनी कर तर तेव्हा आतही नव्हता आणि तेल कंपन्या, परदेशी बँका सोडल्या तर बाहेरही नव्हता.

दोन्ही गोष्टी आता बदलल्या आहेत. जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत मुख्य भूमीवरही, म्हणजे कुंपणाबाहेरही, परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळते. आणि १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून अमिरातीत कंपनी कर आहे: पहिल्या ३,७५,००० दिरहम नफ्यावर शून्य, त्यापुढे ९ टक्के. म्हणजे सल्लागाराच्या जाहिरातीतली ‘शंभर टक्के मालकी’ ही आता मुक्त क्षेत्राची खासियत राहिलेली नाही, आणि ‘कर शून्य’ या दोन शब्दांमागे अटींची लांबलचक यादी आलेली आहे.

सल्लागाराचेच आकडे घेऊन हिशेब मांडा. दिरहम २४ रुपये धरा. दुबईत १ कोटी नफा राहिला तर तो झाला ४ लाख १७ हजार दिरहम. मुक्त क्षेत्राबाहेरच्या साध्या कंपनीलाही यातले ३,७५,००० करमुक्त. उरलेल्या ४२ हजारांवर ९ टक्के म्हणजे पावणेचार हजार दिरहम, ९० हजार रुपये. भाडं, पगार, ऑडिट वजा केलं की तेवढाही कर लागणार नाही. शिवाय ३० लाख दिरहमपर्यंत महसूल असलेल्या छोट्या धंद्यांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांसाठी वेगळी सवलत आहे, आणि तुमचे ५ कोटी म्हणजे २१ लाख दिरहमही होत नाहीत. गंमत अशी, की मुक्त क्षेत्राचा खास शून्य दर घेणाऱ्या कंपनीला ही सवलतही मिळत नाही आणि ३,७५,००० चा करमुक्त टप्पाही नाही. तुमच्या आकाराला मुक्त क्षेत्र हे कर वाचवण्याचं साधनच नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

मोठ्या नफ्याच्या वाचकांसाठी त्या अटींबद्दल थोडं. शून्य दर मिळतो तो ठरलेल्या कामांच्या उत्पन्नावर: कारखानदारी, मालावर प्रक्रिया, लॉजिस्टिक्स, समूहातल्या कंपन्यांना मुख्यालय सेवा वगैरे. माल विकणाऱ्यासाठी जागा ‘डेझिग्नेटेड झोन’मध्ये, म्हणजे सरकारनं खास ठरवून दिलेल्या मुक्त क्षेत्रात, हवी आणि गिऱ्हाईक पुढे माल विकणारं किंवा त्यावर प्रक्रिया करून विकणारं हवं. जेबेल अली, शारजातलं हमरिया, शारजा विमानतळाचं क्षेत्र हे डेझिग्नेटेड झोन आहेत; सगळी मुक्त क्षेत्रं नाहीत. स्वस्त पॅकेजमध्ये कुठल्यातरी इमारतीत टेबल-खुर्ची मिळते, तेव्हा ही चौकशी आधी करायची. आता व्हॉल्व्हचंच पाहा. मस्कतचा डीलर तुमचा माल घेऊन विकतो, तो यात बसतो. पण एखादी रिफायनरी स्वतःच्या देखभालीसाठी घेते, ती बसत नाही. असं न बसणारं उत्पन्न एकूण महसुलाच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी असेल तेवढंच चालतं. महसूल ६० लाख दिरहम असेल तर मर्यादा आली ३ लाखांवर. रिफायनरीची ४ लाखांची एकच ऑर्डर घेतली, की शून्य दर त्या वर्षी तर जातोच, पुढची चार वर्षंही मिळत नाही. विक्रीवाल्याला ऑर्डर मिळाल्याचा आनंद असतो, वर्षअखेरीला ऑडिटर हे सांगतो. याशिवाय ऑडिट सक्तीचं, तिथे खरीखुरी माणसं आणि खर्च दाखवणं सक्तीचं, आणि संबंधित कंपनीशी व्यवहार बाजारभावानंच.

खरी मेख या शेवटच्या अटीत आहे, आणि ती इथे, ठाण्यात, जास्त टोचते.

एक कन्साइनमेंट डोळ्यांसमोर आणा. दोन इंची व्हॉल्व्ह, ४०० नग, केनियातल्या मोम्बासाच्या गिऱ्हाइकासाठी. गेल्या वर्षी याच गिऱ्हाइकाला हाच नग तुम्ही थेट ३८ डॉलरला दिला, असं समजू. आता तो दुबईच्या कंपनीला ३० डॉलरला जाईल आणि दुबईची कंपनी मोम्बासाला ३८ चं बिल करेल. नगामागे ८ डॉलर, म्हणजे ३,२०० डॉलर दुबईत राहिले. कशाबद्दल? पेटी वागळे इस्टेटमध्ये भरली गेली. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटवर तुमच्या क्वालिटीवाल्याची सही. कंटेनर न्हावाशेव्याहून निघाला तो सरळ मोम्बासाला गेला, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) तसंच लिहिलंय. गिऱ्हाइकाशी ईमेल तुमच्या सेल्सवाल्याचे, भाव ठरला तो तुमच्या केबिनमध्ये. दुबईत तयार झाला तो एका पानाचा इनव्हॉइस.

संबंधित कंपन्यांमधला भाव परक्या माणसाशी ठरला असता तसाच असला पाहिजे, हा ट्रान्सफर प्रायसिंगचा नियम. आयकर अधिकाऱ्याला ‘परक्याचा भाव’ शोधायला बाहेर जावंच लागत नाही. तुमच्याच फायलीत तो आहे: ३८ डॉलर, तोच नग, तेच गिऱ्हाईक. फरकाची रक्कम तो तुमच्या ठाण्यातल्या नफ्यात मिळवतो आणि त्यावर कर, व्याज लावतो. व्यवहाराचे कागद ठेवले नाहीत तर व्यवहाराच्या रकमेच्या २ टक्के दंड वेगळा. ४ कोटींवर ८ लाख. चुकीची माहिती दिली असं ठरलं तर दंड कराच्या दुप्पट होतो. मधेच दुबईत नवं बिल ऑफ लेडिंग करून मूळ माल पाठवणाऱ्याचं नाव झाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नका. त्यानं भावाबद्दलचा वाद फसवणुकीच्या प्रकरणात बदलतो. आणि शिपिंग बिलावर मुद्दाम कमी दाखवलेली किंमत हा कस्टम्स आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) यांच्याही अखत्यारीतला विषय आहे.

मग दुबईच्या कंपनीला काहीच मार्जिन ठेवता येणार नाही? येईल, ती जेवढं काम करते तेवढ्याचं. फक्त बिल फिरवणाऱ्या कंपनीला समजा ४ टक्के मान्य झाले, तर ५ कोटींवर २० लाख. त्यावर भारतात भरावा लागला असता असा कर, तुम्ही २२ टक्क्यांची पद्धत घेतली असेल तर अधिभार-उपकरासह २५.१७ टक्क्यांनी, सुमारे ५ लाख. वाचले ते एवढेच. खर्च बघा: लायसन्सचे १५,५०० दिरहमच पावणेचार लाख झाले, आणि लायसन्स दरवर्षी नूतन करायचं असतं. त्यात व्हिसा, वैद्यकीय तपासणी, आरोग्य विमा, बँकेची किमान शिल्लक, तिथलं ऑडिट, तिथलं कर विवरणपत्र. इकडे सीएंचा ट्रान्सफर प्रायसिंगचा अहवाल आणि रिझर्व्ह बँकेचे वार्षिक अहवाल. दोन्हीकडचं मिळून वर्षाला सात-आठ लाख सहज जातात. पाच वाचवायला आठ घालवायचे, हा हिशेब तुमच्या स्टोअरकीपरलाही पटणार नाही.

‘पण दुबईची कंपनी परदेशी, भारताचा संबंध काय?’ असं भाऊ विचारेल. सल्लागारानं त्याला हेही सांगितलं असेल, की कारभार भारतातून चालतो म्हणून परदेशी कंपनीला भारतीय रहिवासी ठरवण्याचा नियम ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपनीला लागू नाही. ते खरं आहे, २०१७ च्या परिपत्रकात तसंच म्हटलंय. पण ते अर्धंच आहे. त्या कंपनीचे सौदे वागळे इस्टेटमध्ये बसून ठरत असतील तर तिचा भारतात ‘धंद्याचा संबंध’ आहे असं म्हणता येतं, आणि तेवढ्या नफ्यावर परदेशी कंपनीचा दर लागतो: ३५ टक्के, वर अधिभार-उपकर. तुम्ही आज भरता त्याहून जास्त. यातून भारत-अमिरात कर करार वाचवेल म्हणावं, तर त्या करारात अमिरातीची रहिवासी कंपनी म्हणजे तिथे नोंदलेली आणि जिचा कारभार व नियंत्रण पूर्णपणे तिथूनच चालतं अशी, असं लिहिलेलं आहे. ‘पूर्णपणे’ या शब्दावर थांबा आणि विचार करा: मोम्बासाला दोन टक्के सूट द्यायची की नाही, हे तुम्हाला न विचारता दुबईत ठरेल का?

नफा घरी आणण्याचाही प्रश्न आहे. दुबईतून लाभांश बाहेर पडताना तिथे कर कापला जात नाही. तो तुमच्या कंपनीत आला की मात्र इतर उत्पन्नासारखा करपात्र. तोच लाभांश कंपनीनं ठरलेल्या मुदतीत पुढे तुम्हा भावांना वाटला तर कंपनीला तेवढी वजावट मिळते, ही खरी आणि कायदेशीर सोय आहे. पण मग तुम्ही दोघं वैयक्तिक दरानं कर भरता. कारखान्यात नवं सीएनसी मशीन घ्यायला पैसे हवे असतील, तर वाटपाचा काही उपयोग नाही. सल्लागाराचा तक्ता दुबईच्या बँक खात्यापाशी संपतो. तुमचे पगार, कर्जाचे हप्ते आणि भट्टीचं वीजबिल ठाण्यातच भरायचं आहे.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: लायसन्स पुतण्याच्या नावानं. कुणाच्या मनात वाईट आहे असं अजिबात नाही, पण याचा अर्थ पाहा. आखाताचं मार्जिन आज दोघा भावांच्या कंपनीत आहे. उद्या ते एका भावाच्या मुलाच्या खाजगी कंपनीत जाईल. माल तोच, यंत्रं तीच, बँकेला दिलेली हमी तुम्हा दोघांची. पाच-सात वर्षांनी वाटणीची वेळ आली तर यावरूनच बिनसतं. कराच्या दृष्टीनंही फायदा नाही: जवळच्या नातेवाइकाच्या ताब्यातली कंपनी ‘संबंधित’च धरतात, बाजारभावाचा नियम तसाच राहतो. आणि भावाला कंपनी कायद्याखाली संचालक म्हणून आपले हितसंबंध असल्याचं बोर्डापुढे लेखी सांगावं लागेल. कंपनी काढायचीच तर ठाण्याच्या कंपनीनं काढावी, पुतण्यानं तिथे पगारी मॅनेजर म्हणून जावं. यात आणखी एक सोय आहे. व्यक्तीनं परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) पैसे पाठवले तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि अशा गुंतवणुकीवर दहा लाख रुपयांपुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर. कंपनीला हे टीसीएस नाही, आणि मर्यादा तिच्या नक्त मालमत्तेच्या चौपट. भावाशी हे तुम्हीच बोला, सीएंच्या तोंडून नको.

आता दुसरी बाजू. दुबईत बसणं तुमच्यासाठी कधीच फायद्याचं नाही, असं मला म्हणायचं नाही. व्हॉल्व्हच्या धंद्यात आखातातलं गिऱ्हाईक बऱ्याचदा भावावर नाही तर वेळेवर जातं. शटडाउनला (देखभालीसाठी प्लँट बंद ठेवतात तेव्हा) लागलेले ५० नग चार दिवसांत हवे असतात. तुमचा कंटेनर भरायला, न्हावाशेव्याला लागायला आणि पोचायला आठवडे जातात. जेबेल अलीत चालणाऱ्या मापांचा साठा असेल, अर्धा इंच ते चार इंच, तर ती ऑर्डर तुमची, आणि तिला भावही चांगला मिळतो. तिथल्या साठ्यावर जकात लागत नाही. ओमान किंवा केनियाला परत पाठवला तर अमिरातीची जकात लागतच नाही, मुख्य भूमीत नेला तर ५ टक्के. आणि भारत-अमिरात सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू असल्यामुळे, मूळ देशाचं प्रमाणपत्र सोबत असेल तर भारतीय मालाच्या बहुतेक शीर्षकांवर तीही कमी किंवा शून्य होते. जकातीच्या वर्गवारीत तुमचे व्हॉल्व्ह ८४८१ मध्ये आणि फ्लँज ७३०७ मध्ये येतात. पूर्ण आठ आकडी कोडवर सवलत तुमच्या सीएचएकडून (कस्टम्स एजंटाकडून) तपासून घ्या. मुख्य भूमीवर विकताना व्हॅट ५ टक्के असतो, तो वेगळा.

साठा, दोन माणसं, गोदामाचं भाडं, उधारीची जोखीम हे सगळं दुबईच्या कंपनीनं खरोखर उचललं, तर तिचं मार्जिन ४ टक्क्यांवरून बरंच वर नेता येतं, आणि अधिकाऱ्यासमोर ते टिकतंही. कर वाचला तर तो वरचा. पण यात पैसा अडकतो. तीन महिन्यांचा साठा धरला तर ५ कोटींच्या विक्रीला सव्वा कोटीच्या आसपास माल दुबईत पडून राहणार, आणि त्यावरचं व्याज तुमच्या कॅश क्रेडिट खात्यात इथे चढणार.

म्हणून कंपनी काढायच्या आधी एक वर्ष गोदामाची चाचणी घ्या, असं मी सुचवेन. बँकेच्या परवानगीनं निर्यातदाराला परदेशात गोदाम भाड्यानं घेता येतं. तिथल्या लॉजिस्टिक्स कंपनीकडे जागा घेऊन ३०-४० लाखांचा चालणारा माल ठेवता येतो. मार्गी लागलं तर कंपनी, नाही तर माल परत किंवा सवलतीत विकून मोकळे. जेबेल अलीत भारतीय लघुउद्योगांसाठी ‘भारत मार्ट’ची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आहे, तिथल्या जागेचे दर मागवून ठेवा. आपल्याकडे पनवेलजवळ साई गावातही मुक्त व्यापार गोदाम क्षेत्र आहे, पण तुमची अडचण समुद्रापलीकडच्या शेवटच्या चार दिवसांची आहे. ती पनवेलमध्ये सुटत नाही.

वर्षभरानं कंपनी काढायचं ठरलं, तर क्रम असा ठेवा. आधी बोर्डाचा ठराव, त्यात कारण कर न लिहिता साठा आणि वितरण हे लिहा. आणि ते खरंही असू द्या. मग मुख्य भूमी की डेझिग्नेटेड झोन हे ठरवा. त्यानंतर बँकेत फॉर्म एफसी, यूआयएन, आणि मगच भांडवल पाठवणं. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेला द्यायचं. दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए (परदेशी देणी आणि मालमत्तेचं) विवरण आणि ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल). एपीआर चुकला तर यूआयएन अडकतो आणि पुढचे पैसे पाठवताना बँक हात वर करते. बहुतेकांना तो चुकल्याचं तेव्हाच कळतं. दुबईत कंपनी कराची नोंदणी नफा नसला तरी करावी लागते. उशिराला १०,००० दिरहम दंड आहे. बँक खातं हा तिथला सगळ्यात रेंगाळणारा टप्पा. लायसन्स दहा दिवसांत निघेलही, खात्याला महिने लागू शकतात. बँक जुनी बिलं, गिऱ्हाइकांची यादी, पैशाचा उगम आणि तिथे राहणारा सही करणारा माणूस मागते. टेबल-खुर्चीवाल्या कंपन्या इथेच अडकतात. खातं उघडेपर्यंत कुठलंही बिल दुबईच्या नावानं काढू नका.

इकडच्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचा असतो, एप्रिल-मार्चप्रमाणे नाही. पुतण्या त्या वर्षी भारताचा रहिवासी असेल आणि दुबईच्या खात्यावर त्याची नुसती सहीचा अधिकार म्हणून नोंद असेल, तरी त्याच्या विवरणपत्रात ते यायला हवं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्यातून सूट आहे. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, म्हणून ते इथे दिले नाहीत. सीएंकडून नवे क्रमांक घ्या.

ऐरोली-महापेच्या आयटीवाल्या वाचकांची पत्रंही याच सुरात येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सॉफ्टवेअर सेवा किंवा सल्ला हे काम मुक्त क्षेत्राच्या शून्य दराच्या यादीत नाही. स्वतःच्या कॉपीराइट असलेल्या सॉफ्टवेअरच्या उत्पन्नाला ठरावीक सूत्रानं सवलत आहे, माणसांचे तास विकण्याला नाही. आणि कोड लिहिणारी टीम महापेत बसणार असेल तर वरची मोम्बासाची पेटी आठवा, फरक काही नाही. इमारतीवर ‘एसईझेड’ची (विशेष आर्थिक क्षेत्राची) पाटी आहे म्हणून इथे करसुट्टी मिळेल असंही धरू नका, नव्या युनिटांसाठी ती २०२० मध्येच संपली.

तुम्ही मागे पडलात का, या प्रश्नाला मी बरोबरीच्यांकडे बघून उत्तर देणार नाही. बरोबरीच्यांपैकी किती जणांनी एपीआर भरलाय, हे तुम्हाला माहीत नाही. त्यापेक्षा तुमच्या सेल्सच्या टेबलावर आलेल्या आखाताच्या चौकश्यांचे गेल्या तीन वर्षांचे ईमेल काढा. भावाला शेजारी बसवा, पुतण्यालाही. प्रत्येक हुकलेल्या चौकशीपुढे कारण लिहा: भाव जास्त पडला, सर्टिफिकेट नव्हतं, की माल तयार नव्हता. ‘माल तयार नव्हता’ या तिसऱ्या कारणाच्या किती नोंदी येतात ते मोजा, आणि तो आकडा घेऊन सीएंकडे जा. ‘बघू’ म्हणून त्यांनाही मग टाळता येणार नाही.